घरगुती ध्वनिमुद्रणातील गिटारचा स्टिरिओ विस्तार : एक चिकित्सा

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रित संगीताची समीक्षा सामान्यतः चाल, शब्द आणि गायन यांच्यापाशी येऊन थांबते. मुद्रणाची रचना हा तंत्रज्ञांचा प्रांत मानून समीक्षक तो बाजूला ठेवतात. वस्तुतः दोन स्पीकरमधून ऐकू येणारे संगीत श्रोत्यासमोर एक अवकाश उभा करीत असते आणि त्या अवकाशात कोणते वाद्य कोठे बसले आहे, किती जागा व्यापते आहे, यावर त्याचा अर्थही काही अंशी अवलंबून असतो. रॉक संगीतातील गिटार हे याचे ठळक उदाहरण होय. डाव्या-उजव्या टोकांपर्यंत पसरलेली आणि तरीही मध्यभागी पोकळी न ठेवणारी गिटार हा १९७० च्या दशकापासून या संगीताचा जणू स्थायी अलंकार झाला आहे. घरातील एका खोलीत, एकट्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादकालाही नेमकी हीच गिटार हवी असते.

ती मिळवण्याचे जे मार्ग प्रचारात आहेत त्यांची सौंदर्यदृष्ट्या चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी लेस पॉल यांचे १९४८ मधील मुद्रण, 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचा १९७६ चा आणि 'व्हॅन हेलन' या वाद्यवृंदाचा १९७८ चा पहिला अल्बम ही तीन उदाहरणे प्रामुख्याने विचारात घेतली आहेत. यांपैकी पहिले मुद्रण घराच्या गॅरेजमध्ये झाले, दुसऱ्याचा बहुतांश भाग घराच्या तळघरात झाला आणि तिसरे व्यावसायिक स्टुडिओत झाले. गिटारची रुंदी ही दोन वादनांमधील भेदातून निर्माण होते. एकाच वादनाच्या प्रतीतून मिळते ती रुंदीची केवळ सावली असते, असे या उदाहरणांवरून प्रतिपादन करता येते.

दोन कान आणि आभासी केंद्र :

मनुष्याला ध्वनीची दिशा कशी कळते याचे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केले. खालच्या कंप्रतेचे ध्वनी दोन कानांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, तर वरच्या कंप्रतेच्या ध्वनींना डोक्याचा अडसर झाल्याने दोन कानांतील तीव्रता वेगवेगळी भरते. या वेळेतील फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो. परंतु तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. इंग्लंडमध्ये ई.एम.आय. कंपनीत काम करणारे अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट दाखल केले. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळण्यास मात्र १९५० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

याच सिद्धांतातून घरगुती ध्वनिमुद्रणातील सर्वांत सार्वत्रिक गैरसमजाचा उलगडा होतो. गिटारचे एक मुद्रण घ्यावे, संगणकावर त्याची प्रत काढावी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावी, म्हणजे गिटार रुंद होईल, असे नवोदिताला वाटते. प्रत्यक्षात दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच ध्वनी आला तर दोन कानांना भेद सापडत नाही आणि मेंदू तो ध्वनी दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्यभागी, जेथे काहीही नाही तेथे, कल्पितो. या स्थानास आभासी केंद्र म्हणता येईल. गिटार तसूभरही रुंद होत नाही. दोन समान तरंगांची बेरीज झाल्याने ती मोठ्याने मात्र ऐकू येते. मोनोमध्ये एकत्र केल्यास ही वाढ ६ डेसिबल इतकी भरते. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. त्यामुळे वादक समाधान पावतो. पण त्याला मिळालेली वस्तू त्याने मागितलेली नसते.

भरीवपणा आणि रुंदी :

'भरीव' आणि 'रुंद' ही दोन विशेषणे बहुधा जोडीनेच उच्चारली जातात. त्यामुळे ती एकाच गुणाची नावे आहेत असा समज होतो. लेस पॉल यांचे 'लव्हर' हे १९४८ मधील मुद्रण या समजाला छेद देते. हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, टेपयंत्र हाताशी नसताना, तबकडीवर मुद्रण करून ते वाजवीत त्याच्या सोबतीने पुन्हा वाजवायचे आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे, या पद्धतीने त्यांनी गिटारचे आठ थर रचले. काही थर कमी गतीने मुद्रित करून नेहमीच्या गतीने वाजवल्यामुळे त्यांचे स्वर नेहमीच्या गिटारच्या पल्ल्याहून वर गेले. प्रत्येक टप्प्यावर आधीचे सर्व थर नव्या थराशी कायमचे बांधले जात. एखादा थर नंतर वेगळा काढून सुधारण्याची सोय नव्हती.

हे मुद्रण मोनो आहे. त्याला डावे नाही, उजवे नाही. तरीही ते विलक्षण भरीव आहे. याचे कारण असे की, प्रत्येक थराने स्वरपट्ट्यातील वेगळी जागा घेतली आहे. खालचा, मधला आणि वरचा भाग एकमेकांवर न चढता एकमेकांशेजारी उभे आहेत. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भरीवपणा हा स्वरांच्या उभ्या वाटणीचा परिणाम आहे, तर रुंदी हा त्यांच्या आडव्या मांडणीचा. दुसरी, जी गिटार मोनोमध्ये पोकळ वाटते तिची पोकळी स्टिरिओ भरून काढू शकत नाही. फार तर झाकू शकते. रॉक संगीतात गिटारच्या भरीवपणाचा मोठा वाटा प्रत्यक्षात बास गिटारचा असतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. गिटारच्या मुद्रणातील ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून ती जागा मध्यभागी असलेल्या बासला मोकळी केली की गिटार बारीक होण्याऐवजी अधिक भक्कम भासते, याचे मर्म हेच आहे.

सावलीची रुंदी :

एकाच वादनातून रुंदी काढण्याचे प्रयत्न अनेक झाले. त्यांतील सर्वांत सोपा प्रयत्न विलंबाचा. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, एक ध्वनी आणि सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची पुनरावृत्ती मेंदूला दोन वेगळे ध्वनी वाटत नाहीत. दिशा पहिल्या ध्वनीची मानली जाते आणि दुसरा त्याला केवळ विस्तार देतो. म्हणून गिटारची प्रत उजवीकडे ठेवून तिला १० ते २० मिलिसेकंद उशीर लावला की ध्वनी पसरल्यासारखा वाटतो.

परंतु ही रुंदी दोन बाबतींत उणी आहे. एक म्हणजे, चित्र आधी आलेल्या बाजूकडे झुकते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. हे मुद्रण मोनोमध्ये ऐकले की मूळ ध्वनी आणि त्याची उशिराची प्रत परस्परांना ठरावीक ठिकाणी खोडून काढतात. उशीर १० मिलिसेकंदांचा असेल तर ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा समान अंतरांवर खाचा पडतात आणि ध्वनी दात काढलेल्या फणीसारखा होतो. उशीर बदलत नाही म्हणून या खाचाही हलत नाहीत. एका स्पीकरच्या स्वस्त संचावर किंवा दुकानातील ध्वनिव्यवस्थेवर मोनो ऐकणे आजही संपलेले नाही. तेथे ही गिटार पातळ आणि धातूच्या नळीतून आल्यासारखी ऐकू येते.

ॲबी रोड स्टुडिओतील अभियंते केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये गायनाच्या कृत्रिम दुहेरीकरणाची जी पद्धत बसवली, ती या दृष्टीने उद्बोधक आहे. एकच ओळ पुन्हा तंतोतंत गाण्याचा जॉन लेनन यांना कंटाळा होता. त्यावर उपाय म्हणून तोच ध्वनी दुसऱ्या टेपयंत्रावरून किंचित उशिरा आणण्यात आला. त्या यंत्राची गती हाताने सतत थोडी कमी-अधिक केली जात असे. नुसता उशीर पुरेसा नव्हता. तो डळमळता असणे आवश्यक होते, कारण माणूस दोनदा गातो तेव्हा दोन गायनांमधील अंतर कधीच स्थिर राहत नाही. म्हणजे यंत्राला माणसाची नक्कल करताना सर्वप्रथम माणसाच्या अस्थिरतेचीच नक्कल करावी लागली. रोलँड कंपनीने १९७५ मध्ये आणलेल्या जेसी-१२० या ॲम्प्लिफायरमधील कोरसही याच जातीचा आहे. त्यातील दोन स्पीकरपैकी एकातून शुद्ध ध्वनी आणि दुसऱ्यातून किंचित कंप पावणारा ध्वनी येतो आणि त्यांची भेट यंत्रात न होता खोलीतील हवेत होते. त्याचे लावण्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या कंपाला आवर्तन असते. ते थोड्याच वेळात कानाला परिचित होते आणि मग रुंदीऐवजी परिणामयंत्रच ऐकू येऊ लागते.

'व्हॅन हेलन'च्या १९७८ च्या अल्बममध्ये वेगळी वाट दिसते. येथे एडी व्हॅन हेलन यांची गिटार प्रामुख्याने डावीकडे आहे आणि तिचा रिव्हर्ब उजवीकडे ऐकू येतो. वादन एकच, वादक एकच. उजवीकडे आहे ती त्याची खोली. ही मांडणी प्रामाणिक आहे, कारण ती दोन वादक असल्याचा आव आणत नाही. ज्या वादकाचे हस्तलाघव हाच अल्बमचा विषय आहे, त्याच्या स्वरांच्या कडा दुसऱ्या वादनाने बोथट झाल्या असत्या. मात्र या निवडीची किंमतही उघड आहे. एकच कर्णिका कानात घालून उजवी बाजू ऐकणाऱ्याला गिटारऐवजी मुख्यतः तिचे पडसादच ऐकायला मिळतात.

दुसऱ्यांदा वाजवणे :

टॉम शोल्झ हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर आणि पोलरॉइड कंपनीतील अभियंता. मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथे घराच्या तळघरात १२ ट्रॅकच्या स्कली टेपयंत्रावर त्यांनी 'बॉस्टन'च्या पहिल्या अल्बममधील बहुतांश वाद्यांचे मुद्रण केले. ध्वनिमुद्रण व्यावसायिक स्टुडिओत व्हावे अशी एपिक या ध्वनिमुद्रिका कंपनीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वाद्यवृंदातील इतर मंडळी कॅलिफोर्नियात काम करीत असताना शोल्झ घरच्या तळघरातच गिटारचे थर चढवीत राहिले. पुढे निर्माते जॉन बॉयलन यांच्या साहाय्याने हे काम अंतिम मिश्रणापर्यंत गेले. ऑगस्ट १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बमच्या एकट्या अमेरिकेतील विक्रीला पुढे १ कोटी ७० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले.

या अल्बमच्या ध्वनीचा गाभा म्हणजे दुहेरी वादन होय. एक भाग वाजवून तो एका बाजूला ठेवायचा आणि तोच भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. दोन्ही वेळा स्वर तेच, लय तीच, हात तोच. परंतु प्रत्येक आघात काही मिलिसेकंद मागेपुढे होतो, प्रत्येक स्वर तारेवरील दाबानुसार काही सेंट वरखाली होतो, प्रत्येक वेळी नखीचा कोन बदलतो. हा भेद क्षणाक्षणाला बदलता असल्यामुळे दोन वादने मोनोमध्ये एकत्र आली तरी खाचा एका जागी टिकत नाहीत. अशा परस्परभिन्न दोन ध्वनींच्या बेरजेत सरासरी वाढ ३ डेसिबल एवढीच होते. प्रतीच्या तुलनेत आवाज कमी वाढतो आणि जागा अधिक व्यापली जाते. तंबोऱ्यांच्या जोडीचा अनुभव असणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गायकाच्या मागे दोन्ही अंगांना बसलेले दोन तंबोरे एकाच षड्जात मिळवलेले असतात, पण त्यांचे आघात कधी जुळत नाहीत आणि जुळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. त्या न जुळण्यातूनच मैफल भरते.

'मोअर दॅन अ फीलिंग' या गीतात या तंत्राचा उपयोग रचनेच्या अंगाने झाला आहे. आरंभी अकूस्टिक गिटार हळूहळू उमटत येते. ध्रुवपदात डिस्टॉर्शनयुक्त गिटारी दोन्ही बाजूंनी उघडतात. ही रुंदी प्रभावी ठरते ती तिच्याआधी श्रोत्याला दिलेल्या संयमामुळे. रुंदी ही निरपेक्ष राशी नाही. अरुंदाच्या शेजारीच ती जाणवते. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत रुंद राहिलेले मुद्रण काही वेळाने रुंद वाटेनासे होते, हा घरगुती मुद्रणांत वारंवार आढळणारा दोष आहे.

घरातील खोलीचा प्रश्न :

मोठ्या स्टुडिओत एका वादनाचेही स्टिरिओ मुद्रण दोन माइक लावून करता येते, कारण तेथील खोली ऐकण्याजोगी असते. घरात नेमकी हीच अडचण असते. ध्वनी १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. गिटार आणि माइक दोन्ही भिंतीपासून १ मीटरवर असतील तर भिंतीवरून परतलेला ध्वनी ६ मिलिसेकंदांच्या आतच माइकवर येऊन पोहोचतो आणि मूळ ध्वनीत मिसळून त्याला डब्यात बंद केल्यासारखा रंग देतो. ३ मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११४ हर्ट्झच्या आसपास ध्वनी घुमतो; गिटारच्या पाचव्या तारेचा खुला स्वर ११० हर्ट्झचा आहे. त्यामुळे काही स्वर फुगतात आणि काही दबतात. अशा खोलीचे स्टिरिओ चित्र घेणे म्हणजे दोषाचीच दोन बाजूंनी छायाचित्रे काढणे होय. म्हणून घरी माइक वाद्याच्या जवळ ठेवून, खोलीला शक्य तितके बाहेर ठेवून, रुंदी दुसऱ्या वादनातून मिळवणे हा मार्ग केवळ काटकसरीचा नव्हे तर तर्कशुद्धही ठरतो.

भेद वाढवण्याची साधनेही महागडी नाहीत. दुसऱ्या वादनासाठी वेगळी गिटार, वेगळा पिकअप, वेगळी नखी किंवा माइकची वेगळी जागा पुरेशी होते. सर्वांत संगीतमय उपाय मात्र स्वरजुळणीचा आहे. जी मेजरमधील गीत एका बाजूला खुल्या तारांवर वाजवावे आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून ई मेजरच्या आकृतीत वाजवावे. स्वरसंघ तोच राहतो, पण त्यातील स्वरांची उभी मांडणी बदलते. खालच्या चार तारांच्या जागी सप्तकभर वर मिळवलेल्या बारीक तारा लावण्याची 'नॅशव्हिल' पद्धतही हेच साधते. येथे रुंदी आणि भरीवपणा हे दोन वेगळे गुण एकाच कृतीत हाती लागतात आणि लेस पॉल यांची उभी वाटणी व शोल्झ यांची आडवी मांडणी एकत्र येतात.

दुहेरी वादनाच्या मर्यादा :

दुहेरी वादन हे सर्व प्रश्नांचे उत्तर आहे असे मानणे मात्र एकांगी ठरेल. दोनाने रुंदी आली म्हणून चाराने दुप्पट रुंदी येईल हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक बाजूला थर वाढत गेले की प्रत्येक आघाताची कड पुसट होते, व्यक्तिगत वादन समूहात विरघळते आणि भिंतीसारखा सपाट ध्वनी उरतो. डिस्टॉर्शनचे प्रमाण मूळ वादनाइतकेच ठेवले तर हा परिणाम लवकर येतो. म्हणून थर वाढवताना प्रत्येक थरातील डिस्टॉर्शन कमी करावे लागते. शोल्झ यांच्या शैलीवरही हा आक्षेप घेता येतो. त्यांच्या गिटारी इतक्या नितळ बसलेल्या आहेत की वाजवणारा माणूस क्वचितच पुढे येतो. परिपूर्णतेच्या या ध्यासाला काळाचाही हिशेब द्यावा लागला. 'बॉस्टन'चा दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला. तिसरा येण्यास १९८६ उजाडले. त्या विलंबात न्यायालयीन वादाचाही भाग होता. परंतु एकट्याने थरावर थर रचणाऱ्याचे काम कधी संपले हे सांगणारा दुसरा कोणी खोलीत नसतो, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

येथेच या प्रश्नाचे खरे मर्म आहे. एसी/डीसी या वाद्यवृंदाच्या १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'मध्ये माल्कम आणि अँगस यंग हे दोन भाऊ आपापल्या बाजूला वाजवतात. तेथील रुंदी दोन माणसांच्या सहवासाची आहे. घरी मुद्रण करणाऱ्याला असा भाऊ नसतो. तो दुसऱ्यांदा वाजवतो तेव्हा मघाच्या स्वतःला ऐकत, त्याला साथ करीत असतो. १९७९ मध्ये टिॲक कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅकचे पोर्टास्टुडिओ आणले तेव्हा या एकट्याच्या सहवादनाला चार जागा होत्या. संगणकाने त्या अमर्याद केल्या आणि त्याचबरोबर दोन वादनांतील प्रत्येक आघात एकमेकांवर नेऊन बसवण्याची सोयही दिली. वादक आधी दुसऱ्यांदा वाजवतो, मग संगणकावर दोन्ही वादने तंतोतंत जुळवतो, आणि मग ती अरुंद वाटतात म्हणून रुंदी वाढवणारे परिणामयंत्र लावतो. आपण जे कमावले ते पुसून त्याची नक्कल पुन्हा विकत घेण्याचा हा प्रकार आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, गिटारची रुंदी आणि तिचा भरीवपणा हे स्वतंत्र गुण असून पहिल्याचा उगम भेदात, तर दुसऱ्याचा स्वरांच्या वाटणीत आहे. विलंब आणि कोरस यांसारखी साधने रंग म्हणून उपयुक्त आहेत. पाया म्हणून ती टिकत नाहीत आणि मोनोची कसोटी हे तत्काळ दाखवून देते. दुहेरी वादन या कसोटीस उतरते, परंतु त्यातही प्रमाणाचा विवेक लागतो. दोन वादने फार सैल असतील तर ती बेशिस्त वाटतात, फार घट्ट असतील तर एक होतात. या दोन टोकांमधील जागा मोजपट्टीने ठरत नाही. ती गीतागणिक, लयीगणिक कानानेच ठरवावी लागते. घरच्या खोलीत महाग उपकरणे नसली तरी तोच भाग पुन्हा एकदा वाजवण्यास लागणारा वेळ आणि हात वादकाजवळ असतो. त्याच्या दोन हातखंडांत उरलेला जो फरक तो आजवर चूक समजून पुसत आला, तोच त्याच्या मुद्रणातील अवकाश आहे.